सगळ्यांचा एकच पासवर्ड

आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत २००७ साली इंटरनेट आलं आणि त्याच्यासोबत कॉम्प्युटर शिकवायला कंत्राटावर योगिनीबाई आल्या. कणकवलीहून दोन एसट्या बदलून यायच्या, तरी माझ्याआधी शाळेत हजर! मी मराठीचा मास्तर, कायम नोकरीतला. मला कसली घाई?

नववीच्या चाळीस मुलांना त्यांनी ई-मेल काढून दिले आणि पासवर्ड सगळ्यांना एकच दिला. का, तर पोरं विसरतात! मी म्हटलं, "बाई, हे बरं नव्हे." त्या हसल्या, "गावात दाराक कुलूप कोण लावता, सर?" मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

महिनाभरात दिव्याच्या ई-मेलवरून वर्गातल्या निकेतला घाणेरडं पत्र गेलं. निकेतच्या बापाने त्याची छापील प्रत दिव्याच्या बापाच्या हातावर ठेवली. तो सर्वेश, होडीवाला, भयंकर तापट. "पुरे झाला शिक्षण," म्हणाला. पोरगी रडून रडून सांगत होती, "बाबा, मी लिवूक नाय." एवढी हुशार पोर हो, जीव तुटायचा.

पासवर्ड सगळ्यांकडे होता हे सांगावं, तर योगिनीबाईंची नोकरी जाणार. धाकट्या भावाचं कॉलेज त्यांच्याच पगारावर चाललेलं. मुख्याध्यापकांनी बाईंना बजावलं, "शाळेची अब्रू जाईल, गप्प राहा." मीही त्यांना तेच सांगितलं. चार दिवस बाई डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या.

शेवटी सर्वेशने देवाला कौल लावायचं ठरवलं. सोमवारी अख्खा वर्ग, आम्ही मास्तर, सगळा गाव देवळात. गुरवाने मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर पोर निर्दोष, डावा पडला तर तिची शाळा बंद. दारात माणसांची ही गर्दी, बाहेर पडायला वाट नाही. कळा काही पडेना. बाई खांबाला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या.

पडला. उजवा!

दिव्या आईच्या गळ्यात पडली. सुटलो रे बाबा, असं झालं मला. "चला, मिटलं," मी बाईंच्या कानात म्हटलं.

"थांबा!" सर्वेश ओरडला. "मगे कोणी लिवल्यान? वर्गातल्या एकेकाचा नाव घेवन इचारा."

गुरवाने पुन्हा कळे उचलले. पुढे उभी होती म्हणून पहिला नंबर वर्गातल्या पूजाचा. एवढीशी पोर ती, मागे सरकायला लागली. बाकीची पोरं भिंतीला चिकटली.

योगिनीबाई पुढे झाल्या. "पयला माजा नाव घेवा. सगळ्यांका एकच पासवर्ड मी दिलंय. कोणीय लिवला आसात. चूक माजी."

गुरवाचा हात खाली आला. दिव्या दुसऱ्या दिवशी वर्गात बसली आणि आठवड्यात बाईंचं कंत्राट संपलं.

मलाही पासवर्डचं ठाऊक होतं, हे बाई देवळात बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.