जोडीच्या टायरवरचा दुसरा आकडा

मंगळवारी स्कूटर पंक्चर झाली म्हणून पालेगावच्या टपरीवर थांबलो होतो. शेजारी सळयांनी भरलेला ट्रक उभा... मागच्या जोडीतला बाहेरचा टायर फुटला होता आणि ड्रायव्हर तिथे एक जुना टायर चढवून घेत होता. माळशेज घाटातून जुन्नरला जायचं म्हणत होता.

तो टायर बघून मला राहवेना. एरवी अनोळखी माणसाशी मी आपणहून बोलत नाही.

माझी बायको सुनीता अंबरनाथच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघायची. माल भरण्याआधी प्रत्येक ट्रकचे टायर तपासायची. टायरवरचे आकडे पुसट असले की त्यावर खडू फिरवायची, म्हणून पर्समध्ये कायम खडू.

रविवारी उल्हासनगरला खरेदीला गेलो तरी उभा ट्रक दिसला की ही वाकलीच. मी पिशव्या धरून दुसरीकडे बघायचो. एकदा पडद्यांच्या दुकानातला सिंधी शेठ म्हणाला, "मॅडम, परदे चाहिए या ट्रक?" घरी येईपर्यंत हसत होती...

जेवतानाही तेच. टायरवर भाराचा कोड १४६/१४३ असेल तर पहिला आकडा एकट्या टायरचा, म्हणजे तीन हजार किलो. दुसरा जोडीतल्या प्रत्येकाचा, सव्वासत्तावीसशे. कमी का, तर एकाची हवा उतरली की त्याचा भार दुसऱ्यावर येतो... म्हणून दोघांनीही थोडी ताकद राखून ठेवायची.

मी नुसतं हं हं करायचो. तिला जाऊन आठ महिने झाले. आपण तिचं कधी नीट ऐकलंच नाही, ही बोच तेव्हापासून आहे.

टपरीवाल्याकडे ट्यूबवर खूण करायचा खडू होता. तो मागून घेऊन दोन्ही टायरांवर फिरवला. आतल्यावर १४६/१४३. बाहेरच्यावर दोन्ही आकडे बरेच कमी.

"काका, आरटीओत आहात का?" ड्रायव्हर वैतागला. "माप सेम आहे. हवा मारली की झालं."

"माप सेम आहे, पण हा एवढा भार घेणार नाही. घाटात फुटेल..." मी खडूने बाहेरचे आकडे दाखवले. "माझी मिसेस डिस्पॅचला आहे. ती अशी गाडी गेटबाहेर सोडत नाही."

टपरीवाल्याने वाकून बघितलं. "अंकल सही बोल रहे हैं. ये नहीं चलेगा, भाई."

ड्रायव्हरने मालकाला फोन लावला, बराच वेळ भांडला. शेवटी उल्हासनगरहून दुसरा टायर आला. माझी स्कूटर केव्हाच तयार होती, तरी टायर चढेपर्यंत थांबलो.

निघताना तो खिडकीतून म्हणाला, "काका, मॅडमना सांगा, टायर बदलला."

"सांगतो," म्हणालो.

मी 'आहे' म्हणालो होतो, हे घरी कुलूप उघडताना लक्षात आलं...

पण सांगतो म्हटलंय, तर सांगायला हवं. सुनीता, त्याने टायर बदलला गं. तू सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात आहे.