प्रेमगीतातला तिसरा माणूस

गाण्यांचे व्हिडिओ बनवण्यात माझी वीसेक वर्षं गेली आणि आता मला कुठलंच गाणं धड बघता येत नाही. लोक नाचणाऱ्यांकडे बघतात, मी कडेला बघतो. डावीकडे कोण उभं आहे, उजवीकडून कोण येता येता थांबलं, कुणाला हाकललं. ही खोड मला वडील गेल्यावर लागली.

आमचं गाव कर्जतच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. घरात भातशेती, दोन म्हशी, आणि मी. कंपनीत चिकटावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण मी खोपोलीच्या एका अल्बमवाल्याकडे प्लेबॅकवर बसलो. म्हणजे काय, तर शूटिंगच्या जागी मोठ्या स्पीकरवर गाण्याचा एकेक तुकडा लावायचा, कलाकारांनी त्यावर ओठ हलवायचे, आणि दिग्दर्शक ओरडला की बटण दाबून गाणं थांबवायचं. एवढंच काम. पण गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर उलटी टोपी घालून मी ते असं करायचो, जणू सगळं शूटिंग माझ्याच जिवावर चाललंय.

तो सीडींचा जमाना होता. हळदीची गाणी, कोळीगीतं, देवीची गाणी, मधूनच एखादं प्रेमगीत. पुढे मी कॅमेरा शिकलो, एडिटिंग शिकलो, आणि हळूहळू ध्यानात आलं की प्रत्येक प्रकारच्या गाण्याचा माणसांबद्दल एक कायदा असतो. हळदीच्या गाण्यात सगळं गाव चालतं. म्हातारी मागे टाळ्या वाजवत असली तर उलट बरंच, मांडव भरलेला दिसतो. देवीच्या गाण्यात माणसं लागतात, पण हात जोडलेली, चेहरा नसलेली. आता मोहोपाड्याची पोरं रॅप करतात, त्यांच्या व्हिडिओत तर आख्खी आळी कॅमेऱ्यात घुसलेली असते. एकाने परवा आपल्या बापाला कंपनीच्या कपड्यात सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं. बाप काही करत नव्हता, नुसता लेन्समध्ये बघत होता. मी ते एडिट करताना दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

प्रेमगीताचा कायदा सगळ्यात निर्दय. त्यात दोघंच असतात. शेत असतं, पण शेतकरी नसतो. नदी असते, पण धुणं धुणारी बाई नसते. जग रिकामं करून त्या दोघांच्या हवाली करायचं, आणि जो मध्ये येईल त्याला बाजूला काढायचं. ते बाजूला काढण्याचं काम प्लेबॅकवाल्याचं.

तर असंच एक प्रेमगीत, आणि जागा आमच्याच गावातली. जागा मीच सुचवली होती, टेचात. भात पोटरीला आलं होतं, मागे डोंगर, मध्ये रुंद बांध. मुंबईहून दिग्दर्शक आला होता, हिंदी बोलणारा. त्याला मी गावाचं नाव सांगितलं, पण घर तिथून दिसतं हे काही सांगितलं नाही. घराचा पत्रा गंजलेला होता, पुढे म्हशी बांधलेल्या होत्या. लाज वाटली, दुसरं काय.

दुपारचे चार वाजले असतील. हिरॉईन गिरकी घेत होती, गाणं रंगात आलं होतं, आणि लांबून बांधावरून वडील येताना दिसले. गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, उघडं अंग, खांद्यावर पंचा. ते चालत चालत पार जवळ आले तेव्हा दिग्दर्शकाने हात वर केला. मी बटण दाबलं.

"ये कौन आ रहा है?" त्याने विचारलं.

"गांववाला है कोई, सर," मी म्हणालो. आणि वडिलांकडे हात करून ओरडलो, "ओ काका, बाजूला व्हा! शूटिंग चालू आहे!"

वडील थांबले. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हां साहेब." आणि आल्या वाटेने मागे फिरले.

रात्री घरी गेलो तेव्हा ते नेहमीसारखेच बोलले. म्हशीचं काय, उद्या किती वाजता जाणार, वगैरे. 'साहेब' त्यांनी थट्टेत म्हटलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. वीस वर्षं ती पुरली.

गिरकी सुरेख पडली होती म्हणून तोच शॉट गाण्यात ठेवला. डाव्या कडेला, पार मागे, तीनेक सेकंद वडील चालताना दिसत. सीडी आली तेव्हा गावात हसाहशी झाली. "बापूस हिरो झाला रं तुजा!" म्हणत पोरं मला छळत. वडीलही हसायचे. पुढे घरची सीडी घासून अडकायला लागली तेव्हा त्यांनीच तिला दोरी बांधली आणि पाखरं उडवायला शेतात टांगली.

मग सीड्या गेल्या, मोबाइल आले. जुनी सगळी गाणी फोनवर उभी दिसतील अशी करून दे, असं अल्बमवाल्याने सांगितलं. आडवं चित्र उभं करायचं म्हणजे दोन्ही बाजू छाटायच्या आणि मधला पट्टा ठेवायचा. मी एकामागून एक गाणी लावून दिली, कॉम्प्युटरने मधला पट्टा ठेवला, आणि जागा कमी पडते म्हणून मूळ फायली मी उडवून टाकल्या. एकही गाणं बघितलं नाही.

वडील गेल्या वर्षी गेले. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. घरात त्यांचे फोटो तीन, तिन्हींत ताठ उभे. दिवस झाल्यावर आई म्हणाली, "त्या गाण्यातले ह्ये दाखव ना रं. चालताना बघायचंय."

मी फोनवर गाणं लावलं. भात आलं, डोंगर आला, हिरॉईन गिरकी घेऊन गेली. आई फोन डोळ्यांजवळ धरून बघत होती. "आता येतील," ती म्हणाली. गाणं संपलं. तिने परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लावल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की डावी कड मीच छाटली आहे. एकदा तोंडाने बाजूला केलं होतं, दुसऱ्यांदा हाताने.

गावात ती सीडी कुणाकडेच उरली नव्हती, म्हणून मी वेड्यासारखी मूळ शूटिंगची टेप शोधली. आम्ही टेपा पुसून पुन्हा वापरायचो, त्यामुळे आशा नव्हतीच. पण अल्बमवाल्याच्या माळ्यावर एका खोक्यात त्या दिवसाची टेप सापडली, अर्धी बुरशी चढलेली. खोपोलीत लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे तसला जुना कॅमेरा अजून चालत होता. त्याच्याकडे बसून टेप उतरवली. चित्र मधूनमधून फाटत होतं, आवाज मात्र लख्ख होता. गाणं थांबलं तरी कॅमेरा चालूच होता, त्याच्या माइकने सगळं टिपलेलं. गाणं थांबल्यावरची शांतता, माझं "गांववाला है कोई", माझं "ओ काका". आणि वडिलांचं "हां साहेब". त्यात थट्टा नव्हती. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. अजिबात नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईसमोर लॅपटॉप ठेवला आणि आवाज बंद करून दाखवलं.

वडील लांबून आले. आईने स्क्रीनला बोट लावलं. ते जवळ आले, थांबले, ओठ हलले.

"काय बोलले ह्ये?"

"जुनी टेप आहे गं. आवाज नाय तिच्यात."

तिने मान हलवली. पुन्हा लाव म्हणाली. दुसऱ्या वेळेला तिची नजर त्यांच्या हातावर गेली. इतक्या वर्षांत माझी कधी गेली नव्हती.

"ही माजी किटली हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी चहा दिलता तुमच्या शूटिंगला. भरलेली परत आनली ह्यांनी. म्हनाले, त्यांना येळ नाय. म्या म्हनलं, घोटभर चहाला येळ नाय? तर काय बोललेच नाय."

मला तिथे बसवेना. पण उठताही येईना. मी टेप मागे घेतली आणि आवाज सुरू केला.

आईने सगळं ऐकलं. माझं हिंदी, माझी हाक, त्यांचं उत्तर. ती पाठमोऱ्या वडिलांकडे बघत होती.

"तो चहा तुलाच धाडला व्हता रं," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी व्हतास. एकट्यापुरता कसा धाडायचा? तुला लाज वाटली असती. म्हनून किटलीभर केला."

वडील आमच्या घराच्या दिशेने बारीक होत गेले. ते चौकटीबाहेर जायच्या आतच टेपमध्ये गाणं पुन्हा सुरू झालं. ते बटणही मीच दाबलं होतं.