बाहीतून शिरणारा वारा

नवी मुंबईत थंडी नसते असं म्हणणाऱ्या माणसाला एकदा जानेवारीत पहाटे कामोठ्याहून वाशीला मोटारसायकलवर मागे बसवून न्यायला हवं. घरात पंखा दोनवर चालू असतो, हे मला मान्य आहे. पण हायवेला लागून खाडीवरचा पूल आला की वारा हाडांत शिरतो आणि पुढे प्रत्येक फ्लायओव्हरवर नव्याने शिरत राहतो. मी धडधाकट माणूस, तरी माझे दात वाजायचे. मागे बसलेले माझे वडील सत्तरीचे होते आणि त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. वाशीच्या सेंटरवर पहाटेची पहिली पाळी मिळाली होती आणि ती मी सोडणार नव्हतो, कारण माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं. बाबांना मशीनवर सोडायचं, ऑफिसला जायचं, सुटले की तासभर निसटून घरी आणायचं. मोटारसायकलच का, असं नातेवाईक विचारायचे. त्यांना काय जातंय विचारायला. बाबांना रिक्षात, टॅक्सीत, बसमध्ये, कशातही बसवलं की खारघर यायच्या आत उलटी व्हायची. तोंडावर वारा लागला तरच त्यांना बरं वाटायचं. म्हणजे ज्या वाऱ्यामुळे त्यांना बरं वाटायचं, त्याच वाऱ्यापासून मला त्यांना वाचवायचं होतं.

थंडी त्यांना चालत नव्हती. डायलिसिसमध्ये सगळं रक्त बाहेर फिरून येतं, त्यात खोलीला एसी. धडधाकट माणसालाही हुडहुडी भरेल. गारठून पोचले की चार तास ते कुडकुडत काढायचे. एकदा तर थरथर इतकी वाढली की सिस्टरने मशीन मध्येच थांबवलं आणि त्या दिवशी मशीनने काढायचं पाणी अंगातच राहिलं. दोन दिवस त्यांचे पाय सुजलेले होते. तेव्हापासून बाबांना कोरडं आणि गरम पोचवायचं, एवढं एकच काम माझ्या डोक्यात बसलं.

आम्हा नवी मुंबईकरांकडे थंडीचे कपडे नसतात. असतो तो पावसाळ्याचा रेनकोट, आणि हिवाळ्यात गाडीवर निम्मी जनता तोच चढवून फिरते. बाबांना मी आत थर्मल, वर शर्ट, त्यावर स्वेटर, छातीवर आदल्या दिवशीचा पेपर चार घड्या करून, आणि सगळ्यांवर रेनकोट असं चढवायचो. डोक्याला कानटोपी, त्यावर हेल्मेट. दवाने सीट ओली असायची, ती आधी फडक्याने पुसायची. या सगळ्याला वीस मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात मी चारदा तरी करवादायचो. "बाबा, हात वर करा. वर म्हटलं ना, वर." ते मुकाट्याने हात वर करायचे.

बाबा वाशीच्या घाऊक बाजारात तोलणार म्हणून कामाला होते. तीस वर्षं कांद्या-बटाट्याची पोती काट्यावर चढवून वजन सांगितलं. ऐन थंडीतही ते नुसत्या बनियनवर असायचे, असं आई सांगते. "आरं, मी काय ल्हान पोर हाय व्हय?" असं ते सुरुवातीला एकदोनदा म्हणाले. नंतर म्हणायचे थांबले.

त्यांच्या डाव्या मनगटाजवळ ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडलेली होती. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातूनच सुया घालून रक्त काढायचं आणि परत घालायचं. वरून बोट ठेवलं की आत सतत थरथर लागायची, सायलेंटवरचा मोबाईल वाजतो तशी. ती थरथर चालू आहे तोवर हात चालू आहे, असं टेक्निशियनने शिकवलं होतं. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचू द्यायची नाही, वजन उचलायचं नाही, घड्याळ घालायचं नाही. मला हे सगळं पाठ होतं. मी त्यांचं घड्याळ स्वतः काढून कपाटात ठेवलं होतं.

एके दिवशी नेरूळच्या पुढे आम्ही मासळीच्या टेम्पोमागे सापडलो. टेम्पोतलं बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत होतं आणि त्याचे फवारे आमच्या अंगावर. मी ओव्हरटेक करीपर्यंत व्हायचं ते झालं. रेनकोटच्या बाहीतून पाणी आत गेलं, स्वेटर कोपरापर्यंत भिजला. त्या दिवशी बाबा इतके कुडकुडले की दोन ब्लँकेटांनीही भागेना. सिस्टर मला म्हणाली, "काकांना असं ओलं का आणता तुमी?" मला भयंकर राग आला. टेम्पोवाल्याचा, सिस्टरचा, आणि सगळ्यात जास्त त्या बाह्यांचा.

घरी येऊन मी रेनकोटच्या जुन्या पँटचं कमरेचं इलॅस्टिक कापलं आणि दोन पट्ट्या केल्या. रेनकोटच्या बाह्या मनगटाच्या वर त्या पट्ट्यांनी बांधून टाकायच्या, म्हणजे पाणी नाही आणि वाराही नाही. गाडीवर फिरणारे खूपजण असं करतात. माझी मीच पाठ थोपटून घेतली. त्या आठवड्यात बाबा तिन्ही वेळा कोरडे पोचले, कुडकुडले नाहीत, सिस्टरही काही बोलली नाही. मी खूश होतो, हे लिहायला आज हात धजत नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सेंटरवर मशीनची काहीतरी भानगड झाली. आम्हाला बाहेर थांबवलं. कॉरिडॉर गार होता म्हणून मीच म्हणालो, "रेनकोट राहू दे अंगावर, उगीच गारठाल." बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते आणि मी शेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. दीड तास गेला. आत घेतल्यावर मी पट्ट्या सोडल्या, रेनकोट काढला. टेक्निशियनने मनगटावर बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. मग स्टेथोस्कोप लावला.

"काका, कधीपासून लागत नाहीये हे?"

मी बोट ठेवून पाहिलं. आत काहीच नव्हतं. साधा, थंड हात होता.

त्यानंतर सोनोग्राफी, गुठळी, गुठळी काढायचा एक प्रयत्न, तो फसला. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू ठेवलं. महिन्या-दोन महिन्यांनी उजव्या हाताला नवीन फिस्टुला करायचा, तो तयार व्हायला आणखी वेळ, आणि तोही टिकेल याची खात्री नाही, कारण शिरा बारीक झाल्या आहेत. डॉक्टर चांगले होते. त्यांनी बाबांना विचारलं, "हाताला काही घट्ट बांधलं होतं का? कडं, दोरा, घड्याळ?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "न्हाई. झोपंत हात अंगाखाली आला आसंल."

पट्ट्या माझ्या खिशात होत्या.

चार दिवस मी नीट जेवलो नाही. दुसऱ्या हाताचंही असंच झालं तर डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत बसतील, असं सारखं मनात यायचं. शेवटी एकटा जाऊन त्यांना सगळं सांगितलं, पट्ट्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक पट्टी ताणून पाहिली. म्हणाले, "याच्यामुळेच झालं असं नाही सांगता येणार. बीपी कमी असतं, शिरा जुन्या आहेत. नसेलच झालं, असंही म्हणता येणार नाही." मला शिव्या हव्या होत्या, निदान एक सरळ उत्तर. दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही.

मानेतल्या नळीला धूळ आणि पाणी चालत नाही. त्यामुळे मोटारसायकल बंद झाली आणि टॅक्सी सुरू झाली. बाबा मागे बसायचे, मी शेजारी प्लास्टिकची पिशवी उघडून धरायचो. खारघरला त्यांना उलटी व्हायची, बेलापूरला पुन्हा. मी पाठीवरून हात फिरवायचो. त्याने काही फरक पडत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

एकदा उलटी होऊन ते जरा टेकून बसले होते तेव्हा मी सांगितलं. डॉक्टरांना भेटलो, पट्ट्यांचं बोललो.

"कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "मी न्हाई म्हनलो व्हतो न्हवं."

"पण तुम्हाला घट्ट लागत होतं का बाबा, तेव्हा?"

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "लागत व्हतं की. बोटास्नी मुंग्या यायच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"वाशीपतूरच तर जायाचं," बाबा म्हणाले. "आन् सकाळच्या पारी तू लई चिडतोस."