पत्रं सुभेदारांची, वाचणारी मी

"रिपोर्ट काय, अक्का?" सकाळी दुधाची पिशवी घेऊन येताना आमच्या गल्लीतले सुभेदार हमखास विचारत. रिपोर्ट म्हणजे नळाला पाणी आलं का, गुडघा कसा आहे, कॉफी झाली का. पंचाहत्तरी ओलांडली तरी बूट चकचकीत. असा एखादा फौजी तुमच्याही गल्लीत असेल, बघा आठवून.

तंजावूरच्या राजवाड्यामागे मराठी बोलणारी आमची चार-दोन घरं उरलीत. निवृत्त होऊन आले तेव्हा सुभेदारांनी घराचा ताबाच घेतला. मुलींच्या वेण्या स्वतः घालायचे, त्याही इतक्या घट्ट की पोरींच्या भुवया वर चढायच्या. पुढे मुली लग्न होऊन परदेशी गेल्या. तीन वर्षांपूर्वी बायकोही गेली. तरी ते स्वयंपाक दोघांचाच करायचे आणि एकाचा डबा मला आणून द्यायचे.

एका दुपारी पत्रांचा गठ्ठा घेऊन आले. सीमेवरून बायकोला लिहिलेली, तिच्या पेटीत सापडलेली.

"मुलींना देवनागरी येत नाही. तमिळ अक्षरांत उतरवून द्या, अक्का. भाषा आपलीच ठेवा. माझा हात आता हलतो."

"बैसा तर खरं," म्हणत मी पहिलं पत्र हातात घेतलं आणि मूर्खासारखी घडी मोडायच्या आधीच पहिली ओळ म्हणून टाकली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

आता लपवून काय करणार? सगळं सांगून टाकलं. देवनागरी ते फौजेतल्या मराठी सोबत्यांकडून शिकले, आणि घरी मराठी बोलणारी बायको ती वाचतच असणार असं धरून चालले. पण आमची भाषा घरातली, शाळा तमिळ. ती बिचारी प्रत्येक पत्र माझ्याकडे आणायची, कारण मी हिंदीच्या शिकवण्या घ्यायची. उत्तरं ती सांगायची, मी लिहायची. "त्यांना कळू देऊ नकोस, हौसेनं लिहितात," अशी शपथ घातली होती तिनं. चाळीस वर्षं पाळली आणि एका ओळीपायी मोडली.

सुभेदार कॉफी तशीच ठेवून उठले. आठ दिवस ना रिपोर्ट, ना डबा. मला अन्न गोड लागेना. त्या बाईनं इतकं जपलेलं मी घालवलं होतं.

नवव्या दिवशी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "एकच विचारतो. खरं सांगा. माझं पत्र ऐकताना ती काय करायची?"

"भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावायची. मग कागद घेऊन बोट फिरवत स्वतः म्हणायची. बोट भलत्याच ओळीवर असायचं."

"कुठली ओळ?"

"'विहिरीचं पाणी ओढताना कंबर सांभाळ.'"

"ती तर मी दर पत्रात लिहायचो."

"दर वेळी दोनदा वाचलीय मी."

सुभेदारांनी खुर्ची उचलून भिंतीकडे फिरवली आणि पाठमोरे बसले.

"वाचा, अक्का."

त्यानंतर रोज एक पत्र. ते ऐकायचे, मी उतरवायची.

गेल्या महिन्यात ते गेले, झोपेतच. मुली फोन करून विचारतात, अजून किती राहिली? अकरा राहिलीत. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला लिहिता येत नाही. काल दुपारी एक काढलं, शेवटची ओळ सवयीनं दोनदा वाचली. दोन्ही वेळा ऐकायला कुणी नव्हतं.