सायमनची हाक

आज चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत धुपाचा वास दाटला, घंटा वाजली आणि मला सायमन आठवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये तेव्हा सगळे सतरंजीवर बसत. मार्थामावशी आपल्या तरण्या मुलाला, सायमनला, भाजीच्या हातगाडीवर बसवून आणत. त्याला चालता येत नसे, बोलताही येत नसे. पण फादर वेदीवर पवित्र भाकर उंचावत आणि घंटा वाजे, तेव्हा तो मोठ्याने ओरडे. लोक वळून बघत.

मी युवक मंडळात होतो, रविवारची व्यवस्था माझ्याकडे असे. एका रविवारी मी बाहेर चिंचेखाली दोन खुर्च्या टाकल्या.

“मावशी, इथं सावली आहे. तुम्हालाही जरा मोकळं वाटेल.”

“मला, का तुम्हाला रे?” मावशी हसल्या. “अरे, घंटा वाजली की देव आला, एवढं त्याला कळतं. म्हणून हाक मारतो तो.”

“कम्युनियनची भाकर फादर बाहेर आणून देतील,” मी म्हणालो.

त्यांनी सायमनला एका खुर्चीत बसवलं आणि शेजारी बसल्या. मी दारातच उभा होतो. आत घंटा वाजली. सायमनने मान दाराकडे वळवली, तोंड उघडलं आणि मावशींनी त्यावर हलकेच पदर धरला.

मिस्सानंतर दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. मला ती सेवाच वाटली होती.

आज घंटेनंतर सगळं चर्च मान खाली घालून गप्प होतं. देवाला हाक मारणारा आमच्यात एकच होता, आणि त्याला मी बाहेर बसवलं.