सुगंधाकाकीचं बोट आणि तीन फोन

लालबागला जिन्याखाली माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दोन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं, एवढी जागा. समोरच्या चाळीत तळमजल्यावर सुगंधा परब, म्हणजे आमची सुगंधाकाकी, खानावळ चालवते. बावीस वर्षं मी दुपारचा तिथे जेवतोय. माझी बायको म्हणते, "हितेंद्र, तू त्या काकीच्याच घरी दत्तक जायचं होतंस." खोटं नाही ते.

तर ही खानावळ ऑगस्टच्या एक तारखेपासून बंद होणार होती. कारण काय, तर काकीचं बोट फोनला लागत नव्हतं. हसू नका. मी हसलो होतो, आणि नंतर माझंच तोंड बघण्यासारखं झालं होतं.

काकी सतराव्या वर्षी कुडाळकडून लग्न होऊन इथे आली. नवरा गिरणीत. संप झाला, नवरा घरी बसला आणि काकी उभी राहिली ती स्टोव्हपुढे. गाळ्यात राहणाऱ्या एकट्या पुरुषांना जेवू घालायला लागली. माशाची कढी, एक भाजी, भात आणि तांदळाची भाकरी. भाकरी तव्यावर परतायची ती बोटांनीच. उलथनं नाही, चिमटा नाही. तिच्या आईने तसं शिकवलं आणि तिने चाळीस वर्षं तसंच केलं. तव्यावरून उचललेली भाकरी ती थेट तुमच्या ताटात टाकणार. आपण हात लावला तर चटका बसून ओरडू, हिला काही नाही. आम्ही म्हणायचो, काकीची बोटं काय चामड्याची आहेत काय! तीसुद्धा हसायची.

नवरा गेला, गिरणीवाले गेले, आजूबाजूला टॉवर उभे राहिले. टॉवरमध्ये ऑफिसं आली आणि ऑफिसातली पोरं घरगुती जेवणाला वखवखलेली. काकीची सून मेघना नोकरी करते, हुशार आहे. तिने काकीची खानावळ फोनवरच्या जेवण मागवायच्या ॲपवर चढवली. ऑर्डर आली की फोन कोकलतो, मिनिटाच्या आत स्क्रीनवर बोट सरकवायचं. नाही सरकवलं तर ऑर्डर गेली दुसऱ्याकडे. काम एवढंच. पण काकीने बोट लावलं की फोन ढिम्म. ती दाबायची, घासायची, पदराने पुसून परत दाबायची. तोवर ऑर्डर गायब.

"हितेंद्रा, ह्या तुझ्या फोनाक माझा काय वाकडा हा रे?" काकी विचारायची.

मी दोनदा स्क्रीन बदलला. दुसऱ्यांदा पातेल्याचं झाकण पडून काच तडकली होती, म्हणून मी मोठ्या शहाणपणाने वर सगळ्यात जाड गार्ड चिकटवला. म्हटलं, आता तवा पडला तरी फुटणार नाही. त्यानंतर तर फोनने काकीला ओळखच दाखवायची सोडली. माझ्या बोटाने चालायचा, मेघनाच्या बोटाने चालायचा. मग मी काय करणार? खेकसलो. "काकी, फोन आहे तो, पीठ नाही मळायला! नुसतं टेकव ना बोट. फोन नीट आहे, तुझ्या बोटातच काहीतरी गडबड आहे."

हे वाक्य मी चार जेवणाऱ्यांसमोर, भरल्या तोंडाने बोललो. जीभ झडायला हवी होती माझी.

त्यानंतर महिनाभर भाकरी चिमट्याने यायला लागली. चिमट्याने धरून फाटलेली, न फुगलेली. काकी जवळ यायचीच नाही, लांबून ताटं सरकवायची. सगळ्यात जास्त कुरकुर कोणी केली असेल? मीच. आणि मग एके दिवशी तिने सांगून टाकलं, एक तारखेपासून जेवण बंद. वय झालं म्हणाली. मेघनाला वाटलं, सासूबाईंना फोनचा वैताग आला. मला वाटलं, नाटकं. पण बावीस वर्षं हो, दुसरीकडे घास उतरेल का?

त्याच आठवड्यात आमचा डीलर मयूर माझ्याकडे एक डेमो पीस टाकून गेला. अजून बाजारात न आलेला फोन. "दोन दिवस ठेव, टच बघून सांग. कोणाला दाखवू नकोस," असं बजावून गेला. ह्या नव्या फोनांचा मला मनापासून राग आहे. दर सहा महिन्यांनी तीच काच नवा झगा घालून येते आणि इंटरनेटवरची पोरं तिच्यावर तासतासभर भाषण ठोकतात. पण ह्याची एक गोष्ट मला बघायची होती. हातमोजा घालूनही टच चालतो, असा कंपनीचा दावा होता. म्हटलं, हातमोज्यातून चालतो तर काकीच्या बोटाने का नाही चालणार? बाईला एवढ्यासाठी खानावळ बंद नको करायला.

दुपारी जेवणं आटोपल्यावर मी तिला अक्षरशः ओढून दुकानात आणली. काउंटरवर तीन फोन मांडले. पहिला माझ्या खणातला पंधरा वर्षांपूर्वीचा डबडा. दुसरा काकीचा. तिसरा तो न आलेला.

"लाव बोट," मी म्हटलं, "पहिल्यावर."

तिने भीत भीत लावलं. लागलं! तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्यावर लावलं, ढिम्म. तिसऱ्यावर मी हातमोज्याचं सेटिंग चालू केलं. तिने बोट टेकवलं आणि स्क्रीन सर्रकन सरकला. तिने परत टेकवलं. परत सरकला. मग पाचही बोटं एकेक करून लावून बघितली. पाचही चालली. आणि काकी एकदम स्टुलावर बसली.

"म्हणजे माझ्या बोटात जीव आसा?"

"म्हणजे काय? नसायला काय झालं?"

तेव्हा ती रडायला लागली. बावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही. मग सगळं बाहेर आलं. तिच्या आत्याला महारोग झाला होता. सुरुवात बोटांपासून. गरम लागेना, टोचलेलं कळेना. गावाने तिला रानातल्या मांगरात, म्हणजे गुरांचा चारा ठेवतात त्या खोपटात, नेऊन ठेवलं. लहानपणी काकी तिचं जेवण दगडावर ठेवून पळत परत यायची. गेल्या वर्षी कसल्याशा फॉर्मवर काकीचा अंगठा उमटला नाही. मग फोनने बोट घेतलं नाही. आणि वर मी तोंड वर करून बोललो, बोटातच गडबड आहे.

"चाळीस माणसांच्या ताटात माझा हात जाता रे. तुमच्या पोराबाळांक लागला तर?"

म्हणून चिमटा. म्हणून लांबून ताट सरकवणं. बाई महिनाभर ही भीती एकटी गिळत होती, सुनेलाही न सांगता, आणि मी भाकरी फुगत नाही म्हणून बोंबलत होतो! मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी काळी टेप काढली, वायरीला लावतात ती. माझ्या बोटाला चार वेढे गुंडाळले आणि तिच्या फोनवर बोट टेकवलं. ढिम्म. "बघ. मला झालाय का महारोग?"

ती रडता रडता थांबली.

"अगं, ह्या जुन्या फोनला नुसता दाब लागतो. काडीने दाब, नखाने दाब, चालतं. तुझ्या फोनला दाब कळतच नाही. आपल्या अंगातून बारीकशी वीज जाते, ती त्याला कळते. तुझ्या बोटांवर चाळीस वर्षांच्या भाकरीचा घट्टा आहे, वर कोरडं पीठ, आणि त्याच्यावर ह्या गाढवाने चिकटवलेली जाड काच. पोचणार कशी? तिसऱ्याचा कान जास्त तिखट आहे, एवढंच. बोट तुझं ठीक असेल. गाढव मी आहे."

पण फोन म्हणजे काही डॉक्टर नव्हे, हे मलाही कळतं. बोटाला वीज आहे एवढंच तो सांगणार, आतल्या शिरेचं त्याला काय माहीत? दुसऱ्या दिवशी मी शटर अर्धं ओढलं, मेघनाने रजा टाकली आणि आम्ही काकीला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. तरुण डॉक्टरीण होती. तिने काकीला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात हाताच्या पाठीवर, मनगटावर, बोटांवर हलकेच फिरवली. "कुठे लागतंय सांगा." काकी अचूक सांगत होती. टोकांच्या घट्ट्यावर कापूस कळला नाही. मग डॉक्टरणीने तिथेच बोथट सुई जरा दाबली.

"आई गं! मेल्या बाईने टोचल्यान मा!"

एवढी गोड शिवी मी जन्मात ऐकली नव्हती. मेघना हसायला लागली आणि हसता हसता सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. डॉक्टरणीने कोपरावरच्या शिरा दाबून बघितल्या, अंगावर कुठे चट्टा नाही ना ते बघितलं. म्हणाली, "काही नाही आजी. कातडी जाड झालीय फक्त. आणि कुष्ठरोग असता तरी काय? गोळ्या असतात. घरात राहून बरा होतो."

काकी उठता उठता परत बसली.

"घरात राहून?"

"हो. चारचौघांसारखं."

तिने स्वतःची बोटं उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाली, "माझ्या आत्येक ह्या कोणी सांगूकच नाय." डॉक्टरणीने तिचा हात हातात घेतला, नुसता धरून ठेवला. बाहेर नंबरवाले खोळंबले होते तरी.

संध्याकाळी मी तिच्या फोनवरचा जाड गार्ड खरवडून काढला, पातळ लावला, सेटिंगमध्ये टच वाढवला. तिच्या फोनमध्येही ते सेटिंग होतं हो, मीच कधी उघडून बघितलं नव्हतं! मयूरला त्याचा पीस परत दिला. म्हटलं, टच चांगला आहे, पण आमचं काम जुन्यावरच भागलं.

एक तारखेला मी बारा वाजताच जाऊन बसलो. फोन कोकलला. काकीने पदराला पीठ पुसलं, बोट सरकवलं. ऑर्डर लागली. अख्ख्या खानावळीने टाळ्या वाजवल्या, तिने सगळ्यांना गप्प केलं. चिमटा भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, तिने ती बोटांनी उचलली, माझ्याजवळ आली, अगदी जवळ, आणि ताटात टाकली. मी घाईघाईने तोडायला गेलो आणि चटका बसून ओरडलो.

"बघलंस?" काकी म्हणाली. "गडबड तुझ्याच बोटात आसा."

मी हो म्हटलं आणि दुसरी भाकरी मागितली.