बसकीचा नवस

एक डोळा मिटायचा, हात समोर ताठ धरायचा आणि दोन बोटांच्या फटीतून बघायचं. विरारला आमच्या इमारतीखाली मासळी विकायला बसणाऱ्या मावशी सगळं जग असंच मोजायच्या. समोर उभी राहणारी नवी इमारत, पापलेटची जाडी, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला आलेला नवरामुलगा, सगळ्यांना त्या फटीतून जावं लागे. त्या मुलाला मोजून झाल्यावर "भरंल अजून," एवढंच म्हणाल्या. लग्न झालं, आणि तो भरलाही.

कुणी वाद घातला की त्यांचं वाक्य ठरलेलं. "जमिनीवरनं काय कळतंय?" तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा बोंबील घेऊन गुमान घरी जाणं बरं. मावशी अर्नाळ्याच्या कोळीण. बाप तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, नवराही तांडेल आणि मुलगा त्याच वाटेवर.

मला डोंगर चढायचा नाद. इमारतीत त्यावरून माझी थट्टा व्हायची. मावशी तेवढ्या मान द्यायच्या, कारण त्यांचं माझ्याकडे काम होतं.

"भाऊ, मला बसकी दाखव."

बसकी म्हणजे डोंगर. समुद्रावरून पाहून कोळ्यांनी ठेवलेलं नाव. बोट लांब गेली की किनारा दिसेनासा होतो आणि पूर्वेला गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बाईसारखा एक डोंगर तेवढा वर राहतो. तो दिसला की घर कुठल्या दिशेला ते कळतं. मावशींच्या नवऱ्याची बोट एकदा वादळात भरकटली. किनाऱ्यावर उभ्या मावशी बोलून गेल्या, "बसकीबाय, दिस त्याला. तुझ्या पायाशी येऊन नारळ फोडीन." ढग फाटले, बसकी दिसली, नवरा परत आला. पुढे तो म्हातारा होऊन घरच्या अंथरुणात सुखाने गेला.

नवस मात्र राहून गेला, कारण जमिनीवर बसकी कुणाला सापडेना. तुंगारेश्वरच्या जत्रेत विचारून झालं, चिंचोटीला विचारून झालं. जो तो म्हणे, या नावाचा डोंगर इकडे नाही.

मग मुलाने नवी बोट बांधली आणि मावशी हटून बसल्या. नवस फिटल्याशिवाय बोट पाण्यात जाणार नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली, बंदरातल्या बोटी सजू लागल्या. ही मात्र रंगवून तयार आणि वाळूवर अडकलेली. मुलगा माझ्याकडे आला.

"तुमी डोंगरवाले ना? एक तर आईची समजूत घाला, नायतर तो डोंगर शोधा."

त्यातल्या त्यात डोंगर शोधणं सोपं होतं.

पौर्णिमेला मावशींच्या दिराच्या बोटीतून आम्ही समुद्राला नारळ वाहायला निघालो. अर्नाळ्याचा किल्ला मागे पडला. मावशींनी माझा हात धरून ताठ केला. "आता फटीतनं बग." पूर्वेला दोन उंचवटे दिसत होते. बोट पुढे गेली तसे ते एकमेकांकडे सरकले, चिकटले आणि खरोखरच तिथे एक बाई बसली.

गुडघे होते हायवेपलीकडच्या डोंगराचे. डोकं पार वाडा तालुक्यातल्या दुसऱ्याच डोंगराचं. दोन्ही मी चढलो होतो. बसकी नावाचा डोंगर जमिनीवर नव्हताच. मग नवस फेडायचा कुणापाशी, आणि त्या पोराची बोट निघायची कशी?

चाचरत मी सगळं सांगितलं. मावशींनी पुन्हा एकदा फटीतून बघून घेतलं.

"माजं डोकं बाजारात असतं नि पाय बंदरात," त्या म्हणाल्या. "म्हनून मी दोन झाले काय? उद्या गाडी काढ."

दुसऱ्या दिवशी पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी गेलो. शेतात निंदणी करणारी एक वारली म्हातारी बांधावर येऊन उभी राहिली. नारळ कुणाला, म्हणून तिने विचारलं.

"बसकीला."

"हिचं नाव गायपाठ."

"तुमच्या अंगनातनं गायच दिसनार," मावशी म्हणाल्या. "पान्यावरनं बगितली की ती बसते."

म्हातारीने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. "बसू दे. दमली असंल."

दोघी खळखळून हसल्या. मावशींनी नारळ फोडला, एक वाटी तिथे ठेवली आणि दुसरी पदरात बांधली. ती वाटी घरच्या प्रसादाची असते, असं मी म्हणायला गेलो.

"नि डोकं उपाशी ठेवू?"

वाड्याकडचा डोंगर येईपर्यंत त्या गाडीत स्वस्थ झोपल्या. तिथे पोचल्यावर गुडघ्यांवर हात टेकत उतरल्या, दुसरी वाटी ठेवली आणि नमस्कार करताना खूप वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा डोळे ओले होते. इतकी वर्षं त्या मनात काय घेऊन मासळी विकत होत्या ते मला तेव्हा कळलं.

बंदरावर मुलगा वाट बघत होता. "आई, प्रसाद?"

"तिनं सगळा खाल्ला. बोट काढ."

मावशी आता नाहीत. त्यांच्या जागेवर सून बसते, समोरची इमारत पुरी झाली आहे आणि आमच्या गच्चीवरून पूर्वेचं काही दिसत नाही. मला त्यांची फार आठवण येते. यंदाच्या पौर्णिमेला त्यांच्या मुलाने मला बोटीवर बोलावलं. त्याच्यापुढे जीपीएसचा पडदा होता, त्यावर वाट दिसत होती. तरी किल्ला मागे पडल्यावर त्याने इंजिन मंद केलं.

मी एक डोळा मिटला, हात ताठ धरला. दोन बोटांच्या फटीत दोन डोंगर हळूहळू जवळ येत होते.

"बसली?" मागून त्याने विचारलं.

"थांब," मी म्हणालो. "बसतेय."